हवेचा कंप्रेसर घेताना

कुरुळीहून हवा भरायला चाकणला हेलपाटे घालण्यापेक्षा घरी छोटा कंप्रेसर बरा. पण नुसता दाब पाहू नका. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला शेतात साधारण 12 ते 16 पौंड दाब पुरतो; मात्र चाक मोठं, हवा भरपूर लागते. म्हणून मिनिटाला प्रत्यक्ष किती हवा देतो, ते विचारा. सिंगल फेजवरचा 1 अश्वशक्तीचा, 50 लिटर टाकीचा घरकामाला चालतो. कारखान्यातला जुना स्वस्त मिळाला, तरी आतून गंजलेली टाकी फुटली तर जिवावर बेतते. आधी पाण्याच्या दाबाने तपासून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बंद करू नका. काम झालं की हवा सोडा, खालच्या तोटीतून साचलेलं पाणी काढा. टाकी लवकर गंजणार नाही, पैसाही वाचेल.