देवळाच्या बाजूच्या खोलींत

ग्रहणाच्या दिवशीं गर्भवती सुनेनें विळीला हात लावावयाचा नाहीं, हा दंडक पुष्कळ सुशिक्षित घरांतून अद्यापि पाळला जातो. पाळला जावो बापडा. त्या निमित्तानें तिला घटकाभर विश्रांति मिळत असेल तर आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती पुढची. मूल दुभंगलेल्या ओठाचें जन्मलें, कीं साऱ्या घराची दृष्टि त्याच्या आईकडे वळते. हिनेंच त्या दिवशीं कांहीं तरी चिरलें असलें पाहिजे!

हा समज केवळ आपल्याच देशांतला नव्हे. इंग्लंडांत लेस्टर शहरीं ५ ऑगस्ट १८६२ रोजीं जोसेफ मेरिक जन्मला. बालपणींच त्याचें शरीर विलक्षण रीतीनें वाढूं लागलें. पुढें डोक्याचा घेर छत्तीस इंचांवर गेला, अंगावर मांसाचे गोळे लोंबूं लागले, उजवा हात निकामी झाला. डावा मात्र नाजूक आणि निर्दोष राहिला. कारण काय, तर तो पोटांत असतांना जनावरांच्या मिरवणुकींतल्या हत्तीस पाहून आई भ्याली होती! जोसेफ स्वतःही हेंच मानी; आपल्या छोट्याशा छापील आत्मवृत्तांत त्यानें तसें लिहिलेंही आहे. हा विकार ‘प्रोटियस सिंड्रोम’ असावा, असें मत १९८६ साली पुढें आलें आणि आज तेंच बहुधा ग्राह्य मानलें जातें. या विकाराचें मूळ २०११ साली एका जीनमधील बदलांत सांपडलें. गर्भ वाढत असतांना एखाद्या पेशींत तो बदल आपोआप घडतो. आईच्या भिण्याशीं त्याचा कांहीं एक संबंध नसतो.

त्या माउलीचें नांव मेरी जेन. ती ख्रिस्ती धर्मांतील बॅप्टिस्ट पंथाची; रविवारच्या शाळेंत मुलांना धर्मपाठ देई. जोसेफ अकरा वर्षांचाही झाला नव्हता तोंच, १८७३ साली, ती वारली. पुढें सावत्र आईचें घर, दारोदार माल विकणें, मागें बघ्यांची गर्दी, आणि सतराव्या वर्षीं निराश्रितांचें वर्कहाऊस. तेथें सुमारें चार वर्षें काढल्यावर त्यानें आपण होऊनच खेळवाल्यांस पत्र धाडलें : मला दाखवून पैसे मिळवा. १८८४ साली लंडनच्या व्हाइटचॅपल रस्त्यावरील एका दुकानांत ‘हत्तीमाणूस’ म्हणून तो उभा राहिला. समोरच लंडन हॉस्पिटल होतें. तेथील शस्त्रवैद्य फ्रेडरिक ट्रीव्हज यांनीं त्याला पाहिलें आणि हा जन्मतः मतिमंद असावा, असा ग्रह करून घेतला.

१८८६ साली परदेशांत लुबाडला जाऊन जोसेफ लंडनला परतला, तेव्हां त्याच हॉस्पिटलानें त्याला आश्रय दिला. अध्यक्ष कार गॉम यांनीं ‘टाइम्स’ पत्रांत विनंति छापतांच देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि त्याला राहावयास दोन खोल्या मिळाल्या. त्याचें अस्पष्ट बोलणें कळूं लागल्यावर ट्रीव्हज यांना आढळलें, कीं या माणसाला बायबल आणि प्रार्थनाग्रंथ उत्तम अवगत आहेत. त्यांना दुसरेंही एक आश्चर्य वाटलें. इतकें सोसलेला मनुष्य जगाचा द्वेष्टा व्हावयाचा. हा तर सौम्य, प्रेमळ, कृतज्ञ! एका तरुण विधवेनें हंसून त्याचा हात हातीं घेतला, त्या दिवशीं तो गुडघ्यांवर डोकें टेकून ढसढसा रडला.

ही सौम्यता कोठून आली? आमचा तर्क असा, कीं मेरी जेननें अकराव्या वर्षाच्या आंत त्याच्या पदरीं जें बांधलें, तेंच पुढें उपयोगीं पडलें. येशूची उपासना आपल्या घराला परकी खरी. परंतु देवानें आपल्याला टाकलेलें नाहीं, हें आईच्या मांडीवर ऐकलेलें मूल आणि न ऐकलेलें मूल यांतील अंतर ओळखण्यास धर्म आड येत नाहीं. डाव्या हातानें त्यानें पुठ्ठ्याचें एक सुबक ख्रिस्तमंदिर रचलें आणि आपल्याशीं ममतेनें वागणाऱ्या केंडल नांवाच्या नटीस भेट दिलें. बिशप वॉलशम हाऊ यांनीं त्याचा दृढीकरणविधि केला, पण खाजगी रीतीनें. हॉस्पिटलच्या प्रार्थनामंदिरांतही तो लोकांत बसत नसे. पाद्र्याचीं वस्त्रें ठेवण्याच्या बाजूच्या खोलींत थांबून तेथूनच उपासनेंत भाग घेई.

या खोलीशीं आम्ही अडखळलों. देवाची त्याला बाहेर बसविण्याची इच्छा होती, असें कोण म्हणेल? अडचण होती ती बांकांवर बसलेल्यांच्या डोळ्यांची. आणि आपल्या वाड्यांतून मुलगी पाहावयास मंडळी येतात, तेव्हां तिच्या कुबड्या भावाला माजघरांत कोण धाडतें?

१८९० च्या ईस्टरला जोसेफ दोनदां उपासनेस आला. सकाळीं त्यानें प्रभुभोजन घेतलें. देवानें मला या जागीं आणलें ही त्याची दया, असें तो तेथील धर्मोपदेशकास म्हणाला. डोक्याच्या भारामुळें तो नेहमीं बसूनच, गुडघ्यांवर मस्तक टेकून झोंपे. पांच दिवसांनीं, ११ एप्रिल रोजीं, तो बिछान्यावर आडवा, मृत आढळला. वय सत्तावीस. इतर माणसांसारखें निजून पाहावें असें त्याला वाटलें असावें, असें ट्रीव्हज यांनीं पुढें लिहिलें.