थ्री नॉट थ्री आणि तिची संगीन

पोलीस ठाण्याच्या दारातल्या शिपायाच्या खांद्यावर महाराष्ट्राने वर्षानुवर्षं पाहिलेली लाकडी दस्त्याची रायफल म्हणजे थ्री नॉट थ्री. कागदोपत्री नाव ली-एनफील्ड, नळीचा व्यास ०.३०३ इंच. तिच्याबद्दल आणि तिच्या संगिनीबद्दल जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं खरं नाही.

सगळ्यात जुना घोटाळा १८५७ चा. चरबीच्या काडतुसांची एनफील्ड ती हीच, असं अनेकजण धरून चालतात. ती बंदूक वेगळी होती. १८५३ च्या नमुन्याची, ०.५७७ इंच व्यासाची आणि तोंडाकडून भरायची. कागदी काडतूस दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी गजाने ठासायची. जेम्स पॅरिस ली याच्या बोल्टवर बेतलेली ली-मेटफर्ड आली १८८८ मध्ये आणि ली-एनफील्ड १८९५ मध्ये. तिला पितळी काडतूस, तेही मागून भरायचं. दातांचा संबंधच संपला. दोघींत समान आहे तो लंडनच्या उत्तरेकडचा एनफील्डचा सरकारी कारखाना.

संगिनीचं लांबलचक पातं शत्रूला धडकी भरवण्यासाठी होतं, असंही म्हणतात. त्यामागे होता निव्वळ हिशेब. बोअर युद्धानंतर ब्रिटिशांनी पायदळाची लांब रायफल आणि घोडदळाची आखूड कार्बाइन हा भेद मोडून दोघांसाठी एकच मधली रायफल केली. नळी तीस इंचांवरून पंचवीसवर आली. मग चिंता लागली, की समोरच्याची रायफल लांब असेल तर संगिनीच्या झटापटीत आपला जवान कमी पडेल. १९०३ च्या संगिनीचं पातं जेमतेम बारा इंच. म्हणून १९०७ मध्ये जपानी आरिसाका रायफलीच्या संगिनीवरून सतरा इंची पात्याची नवी संगीन घेतली. रायफल घटली, तेवढं पातं वाढलं. सुरुवातीला मुठीशी एक वळलेला आकडाही होता. तो १९१३ पासून काढून टाकला. ही संगीन नळीवर बसत नाही, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. तिची कडी रायफलीच्या तोंडाशी असलेल्या खुंटीत अडकते आणि मुठीची खाच खालच्या दांडीवर सरकून खट्कन बसते.

पात्यावरची ती लांब खाच ‘रक्त वाहून जायला’ असते म्हणे. तसं नसेल तर जखमेत हवा शिरून पातं सहज निघावं म्हणून. दोन्ही थापा. खाचेमुळे पात्याचं वजन घटतं आणि वजनाच्या मानाने ताठपणा टिकतो. पुलाच्या लोखंडी गर्डरचा मधला भाग बारीक ठेवतात तसंच. पुरावा आपल्याकडेच आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आखूड, बारा इंची संगिनी तयार झाल्या. त्यांतल्या काहींना खाच नव्हतीच, आणि त्याने कुणाचं काही अडलं नाही. तिधारी किंवा करवती पात्यांवर जिनिव्हा करारात बंदी असल्याचंही ऐकायला मिळतं. असं कलम त्या करारात नाही.

आता मुख्य प्रश्न: संगिनीने माणसं मरत तरी किती? पहिल्या महायुद्धात उपचारांपर्यंत पोचलेल्या ब्रिटिश जखमींत संगिनीच्या जखमा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरल्या. जागीच गेलेले यात धरलेले नाहीत हे खरं, पण ते धरूनही तोफगोळ्यांच्या जवळपास संगीन जाऊ शकली नसती. ली-एनफील्डच्याच दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ रायफलीला म्हणूनच आठ इंची साधा सुळा लावला. सैनिकांना तो मुळीच आवडला नाही: त्याने ना दोरी कापता येई, ना लाकूड तासता येई. शिवाय तो थेट नळीवर बसे, त्यामुळे जुनी संगीन नंबर ४ ला लागत नाही. जुन्या बाजारात हौशी लोक इथेच फसतात.

बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्याने मात्र नंबर ४ ला हात न लावता जुनाच साचा चालू ठेवला. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथे ७.६२ मिलिमीटरची ‘२ए’ निघाली. जुन्या थ्री नॉट थ्रीला भोक मोठं पाडून ती केली, ही समजूत चुकीची. ती नव्या, जास्त मजबूत पोलादातून घडवलेली रायफल होती.

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर ‘थ्री नॉट थ्रीत दमच नाही’ हे वाक्य घरोघरी पोचलं. गोळीचा विचार केला तर गोष्ट उलट आहे. तिची ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटते, आणि तिच्यातली ऊर्जा कलाश्निकोव्हच्या गोळीच्या जवळपास दीडपट भरते. कमतरता होती ती वेगाची. दर गोळीनंतर बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलून पाडायचा. १९१४ मधला कसलेला ब्रिटिश सैनिक अशा मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडत असे, पण त्यामागे अखंड सराव होता. मुंबईत पोलिसांना सरावासाठी पुरेशी काडतुसंच मिळत नव्हती, हे हल्ल्यानंतरच्या चौकशीत पुढे आलं.