कोयोटची धनुष्यबाणाने शिकार

कोयोट हा मांसाहारी गणाच्या कॅनिडी कुलातील, मूळचा उत्तर अमेरिकेतील सस्तन प्राणी होय. नाहुआट्ल भाषेतील ‘कोयोट्ल’ या शब्दावरून स्पॅनिशमार्फत हे नाव रूढ झाले. टॉमस से या अमेरिकन निसर्गवैज्ञानिकाने १८२३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले व त्याला कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा, असे नाव दिले. आकाराने तो लांडग्याहून लहान व भारतातील कोल्ह्याहून काहीसा मोठा असतो. भारतात कोल्ह्याच्या शिकारीस वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बंदी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र कोयोटची शिकार सर्वसाधारणपणे कायदेशीर असून हवाई वगळता सर्व राज्यांत आढळणाऱ्या या प्राण्याविषयीचे नियम राज्याराज्यांत भिन्न आहेत.

एकोणिसाव्या शतकापर्यंत कोयोट मुख्यतः पश्चिमेकडील गवताळ व रुक्ष प्रदेशांपुरता मर्यादित होता. लांडग्यांचा संहार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकात तो पूर्वेस अटलांटिक किनाऱ्यापर्यंत, उत्तरेस अलास्कापर्यंत व दक्षिणेस पनामापर्यंत पसरला. मेंढपाळांच्या तक्रारींवरून संघीय शासनाने त्याच्या निर्मूलनाचे काम हाती घेतले व १९३१ च्या अधिनियमाने त्यास कायद्याचे अधिष्ठान दिले. स्ट्रिक्निन आणि पुढे सोडियम फ्ल्युओरोॲसिटेट ही विषे आमिषातून मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली. त्यांना गरुड, खोकड व पाळीव कुत्रीही बळी पडत. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने संघीय जमिनींवरील विषप्रयोगास आळा बसला. विमानातून गोळ्या घालण्यावर त्याच्या आदल्या वर्षी निर्बंध आले होते. तथापि पशुधनाच्या रक्षणासाठी परवान्याने तसे करण्याची मुभा राहिली. कोयोट हा उपद्रवी प्राणी, ही भूमिका कायद्याच्या पुस्तकांत अद्यापही ठिकठिकाणी टिकून आहे. धनुर्धराला लागू होणाऱ्या, किंवा न होणाऱ्या, नियमांचा उलगडा तिच्यातूनच होतो.

अमेरिकेतील आधुनिक धनुर्मृगयेचा उगम सामान्यतः सॅक्सटन पोप या कॅलिफोर्नियातील शल्यचिकित्सकापर्यंत नेला जातो. याही जमातीतील इशी हा अखेरचा पुरुष १९११ मध्ये प्रकट झाला व १९१६ मध्ये मरण पावला. त्याच्याकडून पोप यांनी धनुष्य घडविण्याची व शिकारीची विद्या आत्मसात केली आणि १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी धनुर्धरांना स्वतंत्र हंगाम दिला. १९६९ मध्ये एकस्व मिळालेल्या कंपाउंड धनुष्याने या छंदाचे रूपच पालटले. या धनुष्याच्या टोकांना विकेंद्री कप्प्या असतात. त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरील भार पुष्कळ कमी होतो व नेम धरून थांबता येते. १९७२ च्या कायद्याने धनुर्विद्येच्या साहित्यावर उत्पादन कर बसविण्यात आला असून त्याचे उत्पन्न राज्यांच्या वन्य जीव विभागांना मिळते.

हरणाच्या मानाने कोयोट हे अवघड लक्ष्य होय. त्याची घ्राणेंद्रिये व श्रवणशक्ती अत्यंत तीक्ष्ण असतात. वारा शिकाऱ्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर सारी तयारी व्यर्थ जाते. शिकारी झुडपांच्या आडोशाला बसून संकटात सापडलेल्या सशासारखा आवाज तोंडाच्या शिट्टीने किंवा विद्युत् उपकरणाने काढतो आणि सावजाची नजर आपल्यावर पडू नये म्हणून थोड्या अंतरावर हलणारी केसाळ प्रतिकृती ठेवतो. बंदूकधारी शेकडो मीटरांवरून गोळी झाडू शकतो. धनुर्धराला मात्र सावज बहुधा तीस मीटरांच्या आत यावे लागते आणि त्याच्या देखत दोरी ओढण्याची हालचाल करावी लागते. शिवाय ध्वनी बाणाच्या पुढे धावतो. सेकंदाला सुमारे ८५ मीटर वेगाने जाणाऱ्या बाणाला तीस मीटर अंतर कापण्यास सुमारे ०·३५ सेकंद लागतो, तर दोरीचा आवाज ०·०९ सेकंदातच सावजाच्या कानी पोहोचतो. उरलेल्या पाव सेकंदात दचकलेला कोयोट अंग चोरतो किंवा वळतो व छातीवर धरलेला नेम पोटात किंवा मांडीत बसतो.

ही बाब केवळ कौशल्याची नाही. गोळीच्या आघाताने प्राणी बहुधा जागीच कोसळतो. बाण मात्र प्रामुख्याने रक्तस्रावाने मारतो. रुंद व धारदार पात्याचा बाण हृदय किंवा फुप्फुसे भेदून गेला, तर मृत्यू अल्पावधीत येतो. अन्यत्र लागलेला बाण घेऊन प्राणी दूर निघून जातो व तासन्‌तास यातना भोगतो. हरणांसारख्या मोठ्या शिकारी प्राण्यांसाठी धनुष्याची किमान ओढशक्ती व पात्याची रुंदी यांविषयी अनेक राज्यांनी जे दंडक घातले आहेत, त्यांचा हेतू हाच आहे. कोयोट मात्र पुष्कळदा या दंडकांच्या बाहेर राहतो.

याचे कारण वर्गीकरणात आहे. अमेरिकेत वन्य प्राण्यांचे व्यवस्थापन प्राधान्याने राज्यांकडे असते व प्रत्येक राज्य प्राण्यांची निरनिराळ्या वर्गांत विभागणी करते. वायोमिंगमध्ये कोयोट ‘हिंस्र प्राणी’ या वर्गात मोडतो. तेथे त्याच्या शिकारीस परवाना, हंगाम वा संख्येची मर्यादा नाही. हरीण व एल्क यांसाठी असलेली ओढशक्तीची अटही त्याला लागू नाही. कॅलिफोर्नियात तो ‘शिकारेतर सस्तन प्राणी’ मानला जातो. शिकार वर्षभर करता येते, परंतु परवाना आवश्यक असतो. न्यूयॉर्क राज्यात तो फरधारी प्राण्यांत गणला जात असल्याने न्यूयॉर्क शहर व लाँग आयलंड वगळता १ ऑक्टोबरपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंतच त्याची शिकार करता येते. हिवाळ्यात फर दाट व मौल्यवान असते आणि पिलांच्या संगोपनाचा काळ या हंगामाबाहेर राहतो. तिन्ही राज्यांत प्राणी एकच असला, तरी शेळ्यामेंढ्यांचा शत्रू, दुर्लक्षित जीव आणि उपयुक्त संपत्ती अशा तीन वेगळ्या दृष्टींनी त्याच्याकडे पाहिले गेले आहे.

वस्तीपासूनच्या अंतराचे नियम धनुर्धराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरतात. न्यूयॉर्कमध्ये घरापासून ५०० फुटांच्या (सु. १५२ मी.) आत बंदूक झाडता येत नाही. साध्या व कंपाउंड धनुष्यासाठी ही मर्यादा २०१४ मध्ये १५० फूट (सु. ४६ मी.) आणि घोडा दाबून बाण सोडावयाच्या आडव्या धनुष्यासाठी २५० फूट (सु. ७६ मी.) करण्यात आली. कोयोट उपनगरांत स्थिरावल्यामुळे बंदुकीला मज्जाव असलेल्या अशा जागी धनुष्य हेच व्यवहार्य साधन उरते. याउलट कॅलिफोर्नियात वसलेल्या घरापासून १५० यार्डांच्या (सु. १३७ मी.) आत कोणत्याही घातक शस्त्राने शिकार करण्यास मनाई असून धनुष्याला सवलत नाही. तेथे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या वापरण्यास संपूर्ण बंदी आहे. रानात टाकलेली कलेवरे खाऊन गिधाडवर्गीय काँडोर पक्ष्यांना शिशाची विषबाधा होत असे. बाणाने मारलेल्या प्राण्यापासून हा धोका नसतो.

शिकारीने कोयोटची संख्या कायमची घटते, ही समजूत मात्र टिकणारी नाही. संख्या विरळ झाली की उरलेल्या माद्यांना अधिक पिले होतात व मोकळ्या टापूंत बाहेरचे तरुण प्राणी येऊन स्थायिक होतात. कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार दरवर्षी ७५ टक्के प्राणी मारले, तरी एखादा समुदाय नष्ट होण्यास पन्नासाहून अधिक वर्षे लागतील. एकेका बाणाने होणारी हानी या हिशेबात नगण्य ठरते. विशिष्ट कळपाला त्रास देणारा प्राणी टिपणे ही गोष्ट निराळी. तिचा मेंढपाळाला निश्चित उपयोग होतो. अधिकाधिक कोयोट मारणाऱ्यास बक्षीस देणाऱ्या स्पर्धांना व्यवस्थापनाचा आधार राहिलेला नाही, हे यावरून दिसते. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशी बक्षिसे बंद केली. व्हरमाँट (२०१८), न्यू मेक्सिको (२०१९) इ. राज्यांनी स्पर्धांवर बंदी घातली. युटा राज्याने मात्र हरणांच्या पाडसांच्या रक्षणासाठी २०१२ मध्ये प्रत्येक कोयोटमागे ५० डॉलरचे इनाम सुरू केले.

नियमनाचा सर्वांत नाजूक प्रश्न ओळखीचा आहे. नामशेष होण्याच्या मार्गावरील तांबडा लांडगा १९८७ पासून उत्तर कॅरोलायनाच्या पूर्व भागात पुन्हा सोडण्यात आला. तरुण वयात तो कोयोटसारखाच दिसतो; दोहोंचा संकरही होतो. रात्री दिव्याच्या झोतात अनुभवी शिकाऱ्यालाही त्यांतील भेद कळणे कठीण असते व अशा चुकांत अनेक तांबडे लांडगे मारले गेले. हे प्रकरण न्यायालयात गेल्यावर २०१४ मध्ये समझोता झाला. त्यानुसार तेथील पाच परगण्यांत रात्रीच्या शिकारीस मनाई करण्यात आली व दिवसा कोयोट मारण्यासाठी परवाना घेणे आणि मारलेल्या प्राण्याची नोंद कळविणे बंधनकारक झाले.