पॅड, कापड की कप?

एका पाळीत अंगावरून जाणारं रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर असतं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त समजतात. कपमध्ये साधारण २५ मिलिलिटर मावतं, म्हणून तो १२ तासांपर्यंत चालतो. एसटीचा लांबचा प्रवास असो की दिवसभराचं शेतकाम, जिथे बाथरूमचा भरवसा नाही तिथे मला कपच सरस वाटतो. सिलिकॉनचा कप घडी घालून आत सरकवायचा, तो आत उघडून कडेने घट्ट बसतो. काढताना तळ चिमटीत दाबायचा, म्हणजे पकड सुटते. हात बसायला दोन-तीन पाळ्या जातात, घाबरू नका. तांबी बसवली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कारण कपसोबत तिचा दोरा खेचला जाऊ शकतो.

पॅड वापरायला सोपं, पण रक्त कमी असलं तरी चार-सहा तासांनी बदलायलाच हवं, नाहीतर जांघेत पुरळ उठतं. त्वचा नाजूक असेल तर सुती कापड चांगलं. फक्त ते लाजेपायी दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घालू नका, दमट कापडात जंतू वाढतात. थेट उन्हात घाला.

आणि दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल तर ब्रँड बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.