खेळ एका पडद्यावर, कर्सर दुसऱ्यावर : दोन मॉनिटरच्या संगणकावर माउसला बांध कसा घालावा

कुंभकोणम (तामिळनाडू) : कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे शहर मंदिरांसाठी, विड्याच्या पानांसाठी आणि गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांच्या वास्तव्यासाठी ओळखले जाते. संस्थानी कारभारात नाव कमावलेले मराठी भाषक दिवाण टी. माधवराव यांचा जन्मही 1828 मध्ये येथेच झाला. भातशेतीच्या या पट्ट्यात आता संगणकाचे कामही पोहोचले आहे. शास्त्र विद्यापीठाचे श्रीनिवास रामानुजन केंद्र शहरातच असून, सुमारे 40 किलोमीटरवरील तंजावर येथे सप्टेंबर 2024 मध्ये ‘टायडेल निओ’ या माहिती तंत्रज्ञान संकुलाचे उद्घाटन झाले. अशा कामासोबत टेबलावर दुसरा मॉनिटर येतो. दिवसा त्यावर तक्ते आणि ईमेल उघडे असतात. रात्री त्याच संगणकावर खेळ सुरू होतो आणि एका जुन्या अडचणीला तोंड फुटते.

अडचण अशी की, खेळ ऐन रंगात असताना हात माउस जोराने उजवीकडे नेतो आणि कर्सर खेळाच्या पडद्यावर न थांबता शेजारच्या मॉनिटरवर निघून जातो. त्याच क्षणी दाबलेले बटण एखाद्या ईमेलवर किंवा कार्यालयाच्या उघड्या तक्त्यावर पडते. खेळाच्या खिडकीकडे येणाऱ्या आज्ञा थांबतात आणि खेळाडूचे पात्र प्रतिस्पर्ध्यासमोर निश्चल उभे राहते. पाच जणांच्या संघातील एकाचे दोन-तीन सेकंद असे गेले, तर उरलेल्या चौघांचीही लढत हातची जाऊ शकते.

हा माउसचा दोष नव्हे आणि संगणकाचा बिघाडही नव्हे. विंडोज 98 पासून विंडोज प्रणालीत अनेक मॉनिटर जोडण्याची सोय आहे. ही प्रणाली सर्व पडद्यांकडे स्वतंत्र चौकटी म्हणून न पाहता एकाच विस्तीर्ण पटाचे भाग म्हणून पाहते. मुख्य मॉनिटर 1920 गुणिले 1080 बिंदूंचा असेल, तर त्याचा डावीकडील वरचा कोपरा शून्यस्थान मानला जातो आणि आडवी मोजणी 0 ते 1919 अशी चालते. उजवीकडे दुसरा मॉनिटर असल्यास त्याचा पहिला स्तंभ 1920 क्रमांकाचा. तो डावीकडे असल्यास आकडे ऋण होतात. 1919 नंतर 1920 येणे प्रणालीच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे. दोन पडद्यांमधली प्लास्टिकची कड तिला दिसतच नाही. कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर दोन वावरांमधला बांध काढून टाकला आहे, मग पाणी पलीकडे जाणारच.

बांध नसल्याचा फटका सर्व खेळांना सारखा बसत नाही. नेमबाजीच्या खेळांत संगणक ‘कर्सर कोठे आहे’ हे विचारत नाही, ‘माउस किती आणि कोणत्या दिशेने हलला’ एवढेच विचारतो. कर्सर अदृश्य असतो आणि खेळ बहुधा त्याला खिडकीच्या मध्यभागी खेचून ठेवतो. म्हणून या खेळांत कर्सर निसटतो तो प्रामुख्याने नकाशा अथवा शस्त्रसूची उघडल्यावर. डावपेचांच्या खेळांची गोष्ट वेगळी आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘स्टारक्राफ्ट’, ‘लीग ऑफ लेजेंड्स’ किंवा ‘डोटा 2’ यांत कर्सर प्रत्यक्ष दिसावा लागतो आणि तो पडद्याच्या कडेला टेकवला की रणभूमीचे दृश्य त्या बाजूला सरकते. येथे कड हे खेळाचे साधनच असते.

या कडेचे महत्त्व मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये मांडलेल्या नियमातून स्पष्ट होते. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक, असे तो नियम सांगतो. एकाच मॉनिटरच्या संगणकावर पडद्याची कड केवळ एका बिंदूइतकी रुंद असली, तरी कर्सर तिच्यापलीकडे जाऊच शकत नाही. त्यामुळे नेम धरण्याची गरज उरत नाही. हात कितीही वेगाने फेकला तरी कर्सर कडेलाच थांबतो. शेजारी दुसरा मॉनिटर आला की तीच कड खरोखर एका बिंदूची होते आणि वेगाच्या भरात तिच्यावर थांबणे जवळजवळ अशक्य होते.

हा विषय आता निव्वळ करमणुकीचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील प्रकार म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या संघाने कांस्यपदक मिळवले, तेही ‘डोटा 2’मध्ये, म्हणजे ज्या खेळात कडेचा उपयोग क्षणोक्षणी होतो त्याच खेळात. घरी सराव करणाऱ्या नवोदिताच्या हाताला कडेजवळ माउस आवरून धरण्याची सवय लागली, तर एकाच पडद्यासमोर खेळतानाही ती त्याचा वेग कमी करते.

बांध घालण्याची सोय विंडोज प्रणालीतच आहे. ‘क्लिपकर्सर’ नावाच्या आज्ञेद्वारे कोणताही खेळ कर्सरला ठरावीक चौकटीत बंदिस्त करण्याची विनंती करू शकतो. मात्र कर्सर ही सर्व कार्यक्रमांची सामाईक मालमत्ता असल्याने ही बंदी कायमची नसते. ऑल्ट आणि टॅब ही बटणे दाबून खेळाडू दुसऱ्या खिडकीत गेला किंवा एखादी सूचना-खिडकी मध्येच पुढे आली, की बंदी सुटते. परत आल्यावर ती नव्याने घालणे हे खेळाचे काम. काही खेळ ते विसरतात, आणि ‘मघापर्यंत व्यवस्थित चालले होते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते.

म्हणून पहिला उपाय खेळाच्या सेटिंग्जमध्येच शोधावा. ‘स्टारक्राफ्ट 2’ आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ यांत कर्सर खिडकीत बंदिस्त ठेवण्याचा स्पष्ट पर्याय दिलेला आहे. अन्य अनेक खेळांतही तो माउस किंवा दृश्य-मांडणीच्या विभागात आढळतो. तो नसल्यास ‘बॉर्डरलेस’ऐवजी ‘फुलस्क्रीन’ पर्याय निवडून पाहावा. बॉर्डरलेस पद्धतीत खेळ हा केवळ पडदाभर पसरलेली साधी खिडकी असतो. पूर्ण फुलस्क्रीनमध्ये अनेक खेळ कर्सर रोखून धरतात. पण तो तरीही निसटला, तर बाहेर पडलेल्या एका क्लिकने संपूर्ण खेळच खाली लपतो, हा त्यातला धोका.

खेळताना दुसऱ्या पडद्याची गरजच नसेल, तर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘केवळ संगणकाचा पडदा’ हा पर्याय निवडावा आणि खेळ संपल्यावर पुन्हा ‘एक्स्टेंड’ करावे. हा उपाय इतका साधा आहे की तो सुचवण्यास जाणकारही संकोचतात. परंतु बहुसंख्यांना तेवढाच पुरेसा आहे.

दुसरा पडदा सुरू ठेवायचाच असेल, तर मांडणी बदलण्याची युक्ती उपयोगी पडते. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्ही मॉनिटर चौकोनांच्या रूपात दिसतात. दुसरा चौकोन ओढून असा ठेवावा की तो पहिल्याला फक्त एका कोपऱ्यात टेकेल. कर्सरला पलीकडे जाण्यास मग तेवढा एक कोपराच उरतो आणि बाकीच्या कडा पुन्हा भिंतीसारख्या होतात. विंडोज 11 मध्ये पडद्यांदरम्यान कर्सरची ये-जा सुलभ करणारा पर्याय आहे. तो सुरू असल्यास बंद करावा, अन्यथा ही भिंत टिकत नाही. कोपरा निवडतानाही खेळाचा विचार हवा. ‘डोटा 2’मध्ये लहान नकाशा सहसा खाली डावीकडे असतो, तर ‘लीग ऑफ लेजेंड्स’मध्ये खाली उजवीकडे. ज्या कोपऱ्याकडे हात वारंवार धावतो, तो वाटेसाठी ठेवू नये. वरचा कोपरा बरा. दिवसाच्या कामात मात्र प्रत्येक वेळी कर्सर त्या कोपऱ्यातून न्यावा लागतो, आणि हा जाच काही जणांना खेळातील अडचणीपेक्षा मोठा वाटू शकतो.

‘ड्युअल मॉनिटर टूल्स’सारखे मोफत कार्यक्रम एका बटणासरशी कर्सर रोखतात आणि सोडतात. ते सोयीचे खरे, तरी दोन बाबतींत सावधगिरी आवश्यक आहे. खेळांतील फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणा पार्श्वभूमीवर चालणाऱ्या काही साधनांकडे, विशेषतः माउस व कळफलक स्वयंचलित करणाऱ्या स्क्रिप्टकडे, संशयाने पाहू शकतात. त्यामुळे खेळाचे नियम आधी वाचावेत. आणि संगणक कंपनीच्या मालकीचा असेल, तर त्यावर परवानगीवाचून कोणताही कार्यक्रम, पर्यायाने खेळही, बसवू नये. कोठून तरी मिळालेली अनोळखी फाइल चालवून कर्सर अडेल, पण कार्यालयाची माहिती निसटेल.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी परिस्थिती सुधारत आहे. तेथील नव्या ‘वेलँड’ व्यवस्थेत खेळ कर्सर बंदिस्त करण्याची विनंती करतो आणि ती मान्य करावी की नाही, हे पडदा हाताळणारा मुख्य कार्यक्रम ठरवतो. जून 2024 मध्ये आलेल्या ‘केडीई प्लाझ्मा 6.1’ने तर दोन पडद्यांच्या सीमेवर कर्सरला किंचित अडवणारा अडसरच दिला आहे. किती जोर लावल्यावर तो ओलांडता यावा, हे वापरकर्ता ठरवू शकतो.

ब्राउझरमधील खेळांनाही कर्सर धरून ठेवता येतो, परंतु पान तसे करू लागताच ब्राउझर सूचना दाखवतो आणि एस्केप बटण दाबताच कर्सर मोकळा होतो. एखाद्या संकेतस्थळाने माउस ताब्यात घेऊन वापरकर्त्याला अडकवून ठेवू नये, यासाठी ही किल्ली नेहमी त्याच्याच हाती ठेवलेली आहे.