मेंदूचा मुका मार

‘सीटी नॉर्मल आला, म्हणजे काही झालं नाही.’ गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मोटारसायकल घसरलेला मुलगा असो की आंब्यावरून पडलेला बाप, घरचे हेच सांगतात. आठवड्याने तोच मुलगा म्हणतो, डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही. त्यावर उत्तर मिळतं, ‘नाटकं करू नको, रिपोर्ट चांगला आहे.’ याचा मला राग येतो, कारण रिपोर्ट असं काही म्हणतच नाही.

कवटीत रक्त साचलंय का, हाड मोडलंय का, मेंदू सुजून दाबला जातोय का, एवढंच सीटी पाहतो. तातडीने शस्त्रक्रिया हवी का, हे त्यावरून काही मिनिटांत कळतं, म्हणून पहिल्या तासांत त्याला तोड नाही. पण डोक्याला जोराचा हिसका बसला की मेंदूतले केसाहून बारीक चेतातंतू ताणले जातात, काही तुटतात. ते सीटीत दिसत नाहीत. एक्स-रे चांगला असूनही हाताचा मुका मार पंधरा दिवस ठणकतो, हे आपण मान्य करतो. मग मेंदूचाच मुका मार खोटा कसा?

ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी आकडे. अमेरिकेतल्या ‘ट्रॅक-टीबीआय’ अभ्यासात सीटी नॉर्मल असलेल्या ४५० जखमींचा नंतर एमआरआय काढला; १२० जणांच्या मेंदूत इजा दिसली (‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’, २०१९). आणि एमआरआयही स्वच्छ आला, तरी लक्षणं खोटी ठरत नाहीत. कन्कशनचं, म्हणजे मेंदूच्या या मुक्या माराचं, निदान आजही रुग्णाला विचारून, तपासूनच होतं.

याच अभ्यासात एमआरआयवर इजा दिसलेल्यांच्या रक्तात ‘जीएफएपी’ हे प्रथिन पहिल्या २४ तासांतच जास्त आढळलं. हे वाचून आता नवा गैरसमज निघालाय: ‘रक्त तपासा, सीटीचा खर्च कशाला?’ अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०१८ मध्ये जीएफएपी आणि ‘यूसीएच-एल१’ या दोन प्रथिनांच्या तपासणीला मान्यता दिली, ती शुद्धीवरच्या, सौम्य मार लागलेल्या प्रौढांसाठी, मार लागल्यापासून १२ तासांच्या आत. दोन्ही पातळ्या कमी असतील तर सीटीत काही सापडण्याची शक्यता फारच थोडी, म्हणून तो टाळता येतो. पातळी वाढलेली असेल तर सीटी करावाच लागतो. जिथे सीटीसाठी खेड्यातून गोंदिया किंवा नागपूर गाठावं लागतं, तिथे अशी तपासणी मोलाची ठरेल. बेशुद्ध रुग्णासाठी मात्र ती नाहीच.

असेच आणखी काही गैरसमज. ‘बोलतोय, म्हणजे धोका टळला’: कवटीच्या आत रक्त साचत असतानाही माणूस काही तास नीट बोलतो आणि मग कोसळतो.

‘झोपू द्यायचं नाही’: डॉक्टरांनी तपासून घरी सोडलं असेल तर झोप हवीच. पहिल्या रात्री मधूनमधून हाक मारून पाहा.

‘आजोबा पडून तीन आठवडे झाले, आता कसली भीती’: म्हातारपणी, त्यातही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, रक्त हळूहळू साचून आठवड्यांनीही त्रास देतं.

आणि आपल्याकडे सगळ्यात घातक, ‘मोहाची घेऊन पडलाय, सकाळपर्यंत उतरेल.’ अडखळतं बोलणं, उलटी, गुंगी ही नशेची लक्षणं आहेत, तशीच मेंदूतल्या रक्तस्रावाचीही. नुसतं बघून दोन्हींतला फरक कुणालाच सांगता येत नाही. त्याला अंगणात झोपवू नका. त्याच रात्री १०८ ला फोन लावा.