बंदर गाठण्याआधी : भूमध्य समुद्राच्या कौटुंबिक सफरीची तयारी

आपल्या घरांत परदेश प्रवासाची कारणे बहुधा दोनच असतात. एक हज किंवा उमरा आणि दुसरे आखातातली नोकरी. फिरण्यासाठी, काही पाहण्यासाठी सगळे घर घेऊन परदेशी जायचे म्हटले की आधी पैशांचा प्रश्न येतो, मग खाण्याचा, मग नमाजचा आणि सर्वांत शेवटी ‘लोक काय म्हणतील’ हा. हे प्रश्न रास्तच आहेत. ते टाळून निघण्यापेक्षा एकेक करून सोडवत गेले, तर सफर घराच्या आवाक्यात येते, असा आमचा गेल्या वर्षभराचा अनुभव आहे. येत्या मे महिन्यात, इन्शाअल्लाह, आम्ही पाच जण भूमध्य समुद्रात जहाजाने फिरायला निघणार आहोत. अजून निघालो नाही. म्हणून हा लेख प्रवासाचा नाही, तयारीचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी दिलेले बरे. हजची फर्ज आमच्यावरून उतरली आहे. आम्ही दोघे काही वर्षांपूर्वी हज कमिटीतर्फे जाऊन आलो. सफरीसाठी कर्ज काढलेले नाही. सहा वर्षे भिशी लावली, मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवले आणि उरले त्यात हे बसवले. एवढे नसते, तर हा बेत पुढे ढकलला असता.

जहाजच का?

आमच्या अम्मींचे वय ७२. गुडघे दुखतात, पंधरा मिनिटांच्या वर सलग चालवत नाही. रोज नवे हॉटेल, रोज बॅगा बांधणे आणि जिने चढणे त्यांना झेपणारे नाही. जहाजावर खोली आपल्याबरोबर येते. रात्री झोपायचे, सकाळी खिडकीत दुसरे शहर. ज्याला उतरायचे तो उतरेल, ज्याला नाही तो वर बसून राहील.

दुसरे कारण जुने आहे. अम्मींचे वडील रत्नागिरीकडचे, मालवाहू जहाजावर खलाशी होते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत अशी एक पिढी होऊन गेली. ते सुवेझ ओलांडून जायचे आणि घरी परतले की बंदरांची नावे सांगायचे. पिरेअस हे नाव अम्मींनी सातव्या-आठव्या वर्षी ऐकले, तेही ‘पिरियस’ असे. नकाशावर ते कुठे आहे हे त्यांनी परवा पाहिले, नातवाच्या बोटाने. आता दोन-तीन वर्षांनी त्यांना नेता येईल का, हे आम्हाला सांगता येत नाही. त्यामुळे ‘नंतर बघू’ हा पर्याय आम्ही बाजूला ठेवला.

मार्ग कसा ठरला

भूमध्य समुद्राच्या सफरी ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पश्चिमेकडची सफर बार्सिलोना, मार्से, जेनोआ, रोमचे बंदर चिविटावेक्किया, नेपल्स, पालेर्मो अशी जाते. पूर्वेकडची सफर इस्तंबूल, कुशादासी, ग्रीक बेटे आणि पिरेअस म्हणजे अथेन्सचे बंदर अशी.

आमचा ओढा पालेर्मोकडे होता. अल-इद्रीसीने ११५४ मध्ये राजा रॉजर दुसरा याच्यासाठी जगाचा भूगोल लिहिला तो याच दरबारात. तिथल्या राजप्रार्थनागृहाच्या छतावर आजही अरबी धाटणीचे लाकडी नक्षीकाम आहे. मुलाला फुटबॉलमुळे बार्सिलोना हवे होते. मार्गदर्शक पुस्तके उघडल्यावर मात्र चित्र बदलले. चिविटावेक्कियाहून रोम सुमारे ७० किलोमीटर. एका दिवसात जाऊन यायचे म्हणजे अम्मींसाठी दगदग. उलट इस्तंबूलच्या गलाटापोर्ट बंदरातून बाहेर पडले की काही पावलांवर तोफाने, तिथे ट्रामचा थांबा आणि तिथेच सिनानने बांधलेली किलिच अली पाशा मशीद. जहाजावरून उतरून चालत जोहरच्या नमाजला पोहोचता येईल असे बंदर आम्हाला दुसऱ्या कुठल्या यादीत दिसले नाही. पूर्वेकडचा मार्ग ठरला : इस्तंबूल, कुशादासी, ऱ्होड्‌स, इराक्लिओन, सँटोरिनी आणि शेवटी पिरेअस.

पुस्तके कशी वाचावीत

बंदरांची माहिती पुस्तकात बांधून देण्याचे काम युरोपच्या आधुनिक प्रकाशकांच्या कितीतरी आधी एका उस्मानी दर्यावर्दीने केले. पीरी रईसने ‘किताब-ए-बहरीये’ १५२१ मध्ये लिहिले आणि १५२६ मध्ये वाढवून सुलतान सुलेमानला सादर केले. भूमध्य समुद्राचे किनारे, बेटे, बंदरे, नांगर टाकण्याच्या जागा असे सारे नकाशांसह त्यात आहे. कुठे उतरावे आणि कुठे जपावे, हे आजही चांगल्या मार्गदर्शक पुस्तकाचे मुख्य काम आहे.

आम्ही तीन प्रकारची पुस्तके वापरली. रिक स्टीव्ह्ज यांचे ‘मेडिटेरेनियन क्रूझ पोर्ट्‌स’ हे केवळ जहाजाने येणाऱ्यांसाठी आहे. धक्क्यावरून गावात कसे जायचे आणि हातात काही तासच असतील तर काय पाहायचे, यावर त्याचा भर. लोन्ली प्लॅनेटची पुस्तके वाहन आणि खाणे यांसाठी उपयोगी. डीके आयविटनेसच्या पुस्तकांत इमारती आतून उघडून दाखवल्यासारखी चित्रे असतात. ती मुलांच्या हातात द्यावीत. सगळी नवी घ्यायची गरज नाही. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुन्या आवृत्त्या मिळतात, मोठ्या ग्रंथालयांतही असतात.

जुन्या पुस्तकात इतिहास शिळा होत नाही, पण वेळा आणि नियम होतात. आमच्याकडच्या एका जुन्या आवृत्तीत आयासोफिया ‘संग्रहालय’ आहे. २०२० पासून ती पुन्हा मशीद आहे आणि २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वरच्या सज्जासाठी तिकीट लागते, तर खालचा भाग नमाजसाठी राखलेला आहे. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसला २०२३ पासून ठरावीक वेळेचे तिकीट घ्यावे लागते. तिथे अपंगांसाठी नवी लिफ्ट २०२० च्या अखेरीस सुरू झाली. जुन्या पुस्तकात ती नाही आणि अम्मींसाठी तीच महत्त्वाची. म्हणून आम्ही एक नियम केला : काय पाहायचे ते पुस्तकातून ठरवायचे, केव्हा आणि कितीला हे त्या त्या स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून.

आणखी एक गोष्ट. ही पुस्तके सर्वांसाठी लिहिलेली असतात. आपल्याला ज्यात रस, ते त्यांत कधी एका ओळीत असते. ती ओळ हेरून पुढचे वाचन आपण करायचे. इराक्लिओनचेच पाहा. पुस्तकात पानभर मजकूर तिथून पाच किलोमीटरवरच्या नोसोसच्या राजवाड्याचा. पण हे शहर वसवले ते अंदलुसमधून हद्दपार झालेल्या मुसलमानांनी, नवव्या शतकात. त्यांनी भोवती खंदक खणला, म्हणून नाव पडले रबद अल-खंदक. ग्रीकांनी त्याचे खांदाक्स केले आणि व्हेनिसच्या लोकांनी कांदिया. बायझंटाइन सैन्याने ९६१ मध्ये ते परत घेतले. सातवीतल्या मुलाला किल्ल्याचा खंदक ठाऊक असतो, खंदकची लढाई ठाऊक असते. तोच शब्द ग्रीसच्या एका बेटावर शहराचे नाव होऊन बसला होता, हे कळल्यावर त्याने स्वतःहून नकाशा काढला. आमच्या मते पुस्तकाची किंमत तिथेच वसूल झाली.

प्रत्येक बंदराचा एक कागद

पुस्तके वाचून झाल्यावर आम्ही प्रत्येक बंदराचा एकेक कागद केला. त्यावर चारच गोष्टी : जहाज धक्क्याला लागते की लांब नांगर टाकते, पाहायचे ठिकाण किती दूर, अम्मींना किती चालावे लागेल आणि परत येण्याची वेळ.

ऱ्होड्‌समध्ये धक्का जुन्या शहराच्या तटबंदीला लागून आहे. आत सुलेमानिये मशीद आणि तिच्या समोर १७९३ चे हाफिज अहमद आगा ग्रंथालय. इथे अम्मी येणार. कुशादासीहून एफेससचे अवशेष सुमारे २० किलोमीटर. वरच्या दाराने आत जाऊन उतरत खालच्या दाराने बाहेर पडता येते. तरी संगमरवरी वाट घसरडी आणि ऊन कडक. अम्मी तिथे न जाता जवळच सेल्चुकला, १३७५ च्या ईसा बे मशिदीच्या अंगणात बसतील. सँटोरिनीत जहाज किनाऱ्याला लागतच नाही. छोट्या बोटीने जायचे आणि वर चढायला रोपवे, नाहीतर ५८८ पायऱ्या. हलत्या बोटीत पाय टाकणे अम्मींना धोक्याचे. आम्ही अडखळत सांगायला गेलो, तर त्याच म्हणाल्या, “तुम्ही बेट बघा, मी समुद्र बघते.” त्या दिवशी आमच्यापैकी एक जण त्यांच्यासोबत थांबेल.

जहाज कोणासाठी थांबत नाही. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर ती जबाबदारी कंपनीची, आपण आपले गेलो तर आपली. म्हणून लांबचे ठिकाण कंपनीच्या बसने आणि जवळचे स्वतः चालत, असे वाटून घेतले. परत येण्याची वेळ लिहिली ती ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधीची.

कागदपत्रांचा क्रम

इथे क्रम चुकला तर सारा बेत कोसळतो. ग्रीस शेंगेन गटात आहे, तुर्कस्तान नाही. भारतीय पासपोर्टधारकाकडे चालू शेंगेन व्हिसा असेल, तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळू शकतो. म्हणजे शेंगेन आधी. त्या व्हिसाची मुदत इस्तंबूलला पोहोचण्याच्या दिवशी सुरू झालेली असली पाहिजे, हे अर्जातच पाहावे. तुर्कस्तानचा हा ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. म्हणून इस्तंबूलला चढून पुन्हा तिथेच उतरवणारी सफर आम्ही घेतली नाही; तुर्की बंदरे आधी, ग्रीक नंतर आणि विमान अथेन्सहून. ज्या सफरीत जहाज शेंगेनच्या बाहेर जाऊन पुन्हा आत येते, तिच्यासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा लागतो.

शेंगेनचे शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सुटीची गर्दी पाहता लवकर केलेला बरा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची तीन महिने तरी मुदत हवी. अनुदानित शाळेतील शिक्षकांनी संस्थेकडून ना-हरकत पत्र आणि रजेची मंजुरी आधी घ्यावी; त्याला वेळ लागतो. नियम बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पुन्हा एकदा तपासावे.

पैशांत तिकिटाखेरीज धरायच्या बाबी : जहाजावर दरडोई दररोज लागणारी सेवेची रक्कम, बंदरावरच्या सहली, आधी-नंतरचे हॉटेल आणि जहाजावरचे महागडे इंटरनेट.

खाणे आणि नमाज

आरक्षण करतानाच हलाल जेवणाची लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखी घ्यावे. ‘हो’ आले तरी स्वयंपाकघर एकच आहे का, हे विचारावे. समाधान झाले नाही तर मासे, अंडी आणि शाकाहार आहेच. तिथेही सॉसमधली वाइन आणि गोड पदार्थांतले जिलेटिन यांची चौकशी करावी लागते. मुलीने इंग्रजीत चार वाक्ये लिहून ठेवली आहेत. ती वाढप्याला दाखवायची.

नमाजसाठी आपल्याला पश्चिमेकडे तोंड करण्याची सवय. तिथे किबला आग्नेयेकडे, इस्तंबूलला तर बराच दक्षिणेकडे झुकलेला. साधे होकायंत्र बरोबर ठेवावे. जहाज वळते तशी दिशाही बदलते. मेच्या मध्यात अथेन्सला सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे इशा बरीच उशिरा. सफरीत कस्रची सवलत आहेच. दोन नमाज एकत्र करण्याबाबत मात्र फरक आहे. कोकणातल्या आम्हा शाफईंना ती मुभा आहे, हनफी घरांत ती नाही. आपापल्या आलिमांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, जहाजावर वाद नकोत. आणि एक छोटा लोटा बॅगेत टाकावा. तुर्कस्तानात संडासात पाण्याची सोय असते, जहाजावर तिची खात्री धरू नये.

जहाजावर दारू असेल, जुगाराची खोली असेल, नाचगाणे असेल. मुलांपासून ते लपवता येणार नाही. कुठे जायचे आणि कुठे नाही, हे आम्ही घरीच, जेवताना, मोकळेपणाने बोललो. सोळा वर्षांच्या मुलीशी आधी बोलून ठेवले की तिथे डोळे वटारावे लागत नाहीत.

ज्यांना असा बेत करायचा असेल त्यांनी सुरुवात एजंटापासून करू नये. आधी घरात एक नकाशा आणि एक पुस्तक आणावे आणि घरातल्या सर्वांत कमी चालू शकणाऱ्या माणसाला विचारावे की त्याला काय पाहायचे आहे. मार्ग त्यावरून ठरवावा. बाकी सगळ्यांचे त्यात बसते.